मास्तरांचं ‘मी’

धाकटीबद्दल गावाकडचे लोक काय बोलतात ते माझ्या कानावर येतं. बाप भ्रमिष्ट झाला तरी पगार चालू राहावा म्हणून त्याला सभागृहात उभा करत होती, म्हणे. आईच्या वेळी आली नाही, म्हणे. असं बोलणाऱ्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि धाकटीच्या शेजारी अठरा वर्षं मी बसले आहे, ते नाही बसले.

शेजारी म्हणजे अगदी मांडीला मांडी लावून. आमचं काचघर होतंच तेवढं. दोन खुर्च्या, दोन माइक, पाण्याचा एक जग आणि खालचं सभागृह दिसेल अशी तिरपी काच. पाय लांब करायचे तर दुसरीला विचारून करायचे. देशाच्या सभागृहात आमच्या राज्याचा खासदार आपल्या भाषेत बोलायचा, आम्ही ते राजधानीच्या भाषेत सांगायचो, आणि बाकीचे खासदार कानाला इअरफोन लावून आमचं ऐकायचे. ते बोलत असले की उलट, त्यांचं बोलणं आमच्या माणसाच्या कानात आपल्या भाषेत सोडायचं. मी आधीची म्हणून थोरली, ती नंतर आली म्हणून धाकटी. ही नावं वायरमनने पाडली. आवाजाची यंत्रं सांभाळणारा तो बाबा, त्याला माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, आणि बघता बघता आमच्या खात्याचे साहेबसुद्धा आम्हांला तसंच हाक मारायला लागले.

हे काचघर आम्हांला कुणी हौसेनं बांधून दिलं नव्हतं. राज्य देशात सामील झालं तेव्हा आमचे सात खासदार होते. सातही जण एकाच डब्यातून राजधानीला आले, एकाच बाकावर बसले. पहिल्याच दिवशी त्यांतला एक आपल्या भाषेत बोलायला उभा राहिला आणि सभागृह हसलं. अध्यक्ष म्हणाले, सगळ्यांना समजेल असं बोला. झालं. सातही जणांनी तोंडं मिटली. अधिवेशन संपेपर्यंत रोज वेळेवर यायचे, बाकावर बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. प्रश्न विचारला तरी नाही, मत मागितलं तरी नाही. त्यांच्या गप्प बसण्याचाच शेवटी इतका गवगवा झाला की वरच्या मजल्यावरची झाडू-बादल्यांची खोली रिकामी करून तिला काच बसवली आणि दुभाषी नेमला. पावसाळ्यात त्या खोलीला फडक्यांचा वास आमच्या काळापर्यंत यायचा.

पुढचं सगळ्यांच्या देखत झालं. खाणी बंद पडल्या, पोरं बाहेर गेली, जनगणनेत आकडा घसरला. सातचे पाच झाले, पाचांचे तीन. मी लागले तेव्हा तीन होते, आणि तिघांचं आपसात पटत नव्हतं, त्यामुळे आम्हांला कामाला तोटा नव्हता. मग पुन्हा माणसं मोजली आणि एकच जागा उरली. जितकी माणसं तितक्या जागा, नियम सरळ आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण घर सोडून गेलेला दुसरीकडे जाऊन मोजला जातो आणि घर धरून बसलेल्या म्हातारीचा आवाज कमी होतो, याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

धाकटी आली तेव्हा भाषा तिला माझ्याहून चांगली येत होती, पण काचघराची रीत माहीत नव्हती. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं, ‘ते असं म्हणतात की’ नाही. खासदार म्हणाला, माझ्या मिशीची शपथ, तर आपणही आपल्या मिशीची शपथ घ्यायची. यावर ती इतकी हसली की मला तिचं खोकल्याचं बटण दाबावं लागलं. माइकजवळ एक छोटं बटण असतं. खोकला, शिंक आली की ते दाबून धरायचं, तेवढा वेळ आपला आवाज बाहेर जात नाही. खरं सांगायचं तर आम्ही त्याचा उपयोग भाषणं करणाऱ्यांना नावं ठेवायलाच जास्त केला.

सगळ्यांत मोठी डोकेदुखी होती ती ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची. आपल्या भाषेत ‘आम्ही जातो’ म्हटलं की ऐकणारा मागे राहिला, ‘आपण जाऊ’ म्हटलं की तोही बरोबर निघाला. राजधानीच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द. सातजणांच्या काळात एक खासदार दुपारी उभा राहून म्हणाला, ‘आम्ही आता जेवायला जातो.’ बिचाऱ्याला आपल्या बाकापुरतं म्हणायचं होतं. वरून तो एकच शब्द खाली गेला आणि अख्खं सभागृह उठलं, सगळ्यांत आधी अध्यक्ष. तेव्हापासून आमच्यात शिरस्ता पडला की ‘आम्ही’ आलं की पुढे ‘तुम्हांला सोडून’ असं जोडायचं आणि ‘आपण’ आलं की ‘तुमच्यासकट’. धाकटीला ते जोडकाम आवडायचं नाही. ती म्हणायची, ‘थोरले, एवढुशा शब्दाला केवढी शेपटी लावतो आपण.’

तिची आई गेली तेव्हा अधिवेशन चालू होतं. गावातला दवाखाना बंद झालेला, दूरच्या शहरात नेताना माउली वाटेतच गेली. निरोप मिळाल्यावर धाकटी मिळेल त्या गाडीनं निघाली, तरी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिचे वडील शाळेत मास्तर. राजधानीची भाषा त्यांनीच तिला शिकवलेली, फळ्यावर लिहून, चुकलं की शंभरदा गिरवायला लावून. पोरगी गावात शाळा चालवेल असं त्यांच्या मनात होतं आणि पोरगी काचघरात येऊन बसली, ते दुखणं आधीचंच. त्या दिवशी दारात माणसं बसलेली होती. आत्या म्हणाली, आता राहील ही चार दिवस, घराचं बघेल. मास्तर म्हणाले, ‘तिला काम असतं. आम्ही आमचं बघू.’ ना आवाज चढवला, ना दार आपटलं. दुसऱ्या कुठल्या भाषेत ते वाक्य एवढं लागलं नसतं. परत आल्यावर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून ती म्हणाली, ‘बाबांनी मला बाहेर ठेवलं गं.’ त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. हट्टीपणात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

आणि मग ते मास्तरच खासदार होऊन आले. त्याचं असं झालं, एकुलत्या एका जागेवर बसलेला आमचा खासदार कंटाळून शेजारच्या राज्यात घर बांधून राहायला गेला. त्याच्या जागी उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी लोकांनी मास्तरांना घोड्यावर बसवलं. उरलेल्या मतदारांत निम्मे त्यांचे विद्यार्थी, मास्तरांना नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. म्हातारपणी बिचारे एक पेटी, एक काठी घेऊन खासदार निवासात राहायला आले.

नात्यातल्या माणसाचं भाषण सांगायचं नाही असा आमच्यात नियम. मी साहेबांना सांगून आले की मास्तरांचं सगळं मी सांगेन, हिनं फक्त इतरांचं त्यांच्या कानात घालावं. धाकटीला हे कळलं तशी ती माझ्यावर उखडली. ‘तेवढंच एक बोलणं राहिलंय आमच्यात. तेही तू घेणार?’ मग मी साहेबांना म्हटलं, माझा घसा हल्ली बसतो, हिच्याकडेच राहू द्या. साहेबांनी नियमाकडे काणाडोळा केला.

तर मास्तर खाली उभे राहायचे आणि ही वरून ‘मी’ म्हणायची. मान कधी वर करायचे नाहीत ते. काचघराच्या बाजूचा जिना चुकवून लांबच्या जिन्यानं जायचे, काठी टेकत. पण एक गंमत मी टिपून ठेवली होती. राजधानीची भाषा या माणसानं आयुष्यभर शिकवली, त्याला इअरफोनची गरजच काय? तरी दिवसभर कानाला लावून बसायचे. माझी सांगायची पाळी आली की काढून बाकावर ठेवायचे. धाकटीची आली की परत कानाला. मला भयंकर राग यायचा आणि बरंही वाटायचं. धाकटीला मी हे सांगितलं तर म्हणाली, ‘तुझा उच्चार वाईट आहे, म्हणून.’ पण त्या दिवशी तिनं मला चहा पाजला.

दवाखान्यांवरच्या चर्चेचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. मास्तर उभे राहिले, आधी नुसते आकडे सांगितले आणि मग थांबून म्हणाले, ‘माझी बायको वाटेत गेली.’ धाकटी म्हणाली, माझी बायको वाटेत गेली. मी हात पुढे केला, म्हटलं माइक मला दे. तिनं माझा हात बाजूला सारला. मास्तर म्हणाले, ‘शेवटपर्यंत ती मुलीला विचारत होती. मुलगी कामात होती.’ आणि हिनं ते सांगितलं, एक शब्द न गाळता, आवाज न हलू देता, स्वतःच्या आईला बायको म्हणत आणि स्वतःला मुलगी म्हणत. तिच्या पाळीनंतर मी माइक घेतला तेव्हा तो घामानं ओला होता. ती तोंड धुवायला गेली ती पुढची पाळी लागेपर्यंत आली नाही.

पुढच्या वर्षी मास्तरांचं बिनसायला लागलं. आधी शब्द हरवायचा. पुलाला ते ‘ते, नदीवरून जायचं’ म्हणाले, धाकटीनं पूल म्हटलं. कुणाला काही वाटलं नाही. मग एक परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. हिनं दुसऱ्यांदा थोडं फिरवून सांगितलं, जणू मुद्दाम ठासून सांगतायत. मग एकदा त्यांनी केव्हाच वारलेल्या मंत्र्याचे समोर बसल्यासारखे आभार मानले. हिनं नावच गाळलं. तेव्हा मात्र मी बटण दाबून तिला झापलं.

‘अगं, बोललेलं सांगायचं आपण. न बोललेलं नाही.’

‘ते शब्द शोधतायत, थोरले. मला माहीत असतो, मी हातात देते.’

‘उद्या कळलं म्हणजे?’

‘कुणाला कळणार? खाली एकालाही आपली भाषा येत नाही.’

तेही खरंच. ऐकून समजणारे आम्ही तिघंच, त्यातले एक स्वतः मास्तर. आणि असं करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, ते गावाकडच्या शहाण्यांनी नीट ऐकावं. एकत्रीकरणाचं विधेयक येऊ घातलं होतं. ज्या राज्याची एकच जागा उरली आहे त्याचा मतदारसंघ शेजारच्या राज्यात मिसळून टाकायचा. शेजाऱ्यांची मतं आमच्या कितीतरी पट, म्हणजे आमचा माणूस पुन्हा सभागृहात दिसणार नव्हता. विरोधात उभं राहायला अख्ख्या देशात एकच माणूस, मास्तर. त्यांचं डोकं जागेवर नाही हे बाहेर फुटलं असतं तर डॉक्टरचा दाखला घेऊन जागा रिकामी केली असती, आणि विधेयक तोंडावर आलेलं असताना पोटनिवडणूक कोण घेतंय? पगाराचं म्हणाल तर धाकटीला शेजारच्या खात्यात याहून बरी नोकरी सांगून आली होती. ती गेली नाही.

सकाळी मास्तर बरे असायचे. मग मी कामाच्या आधी खासदार निवासात जायचे, त्यांना चहा करून द्यायचे आणि ते विधेयकावरचं भाषण थोडं थोडं सांगायचे, मी लिहून घ्यायचे. भाषण त्यांचंच बरं का, शब्द न् शब्द. सातजणांपासून सुरू केलं होतं त्यांनी. एका सकाळी मध्येच थांबून म्हणाले, ‘वरती ती माझं नीट सांगते का हो?’

‘तुमच्यापेक्षा नीट सांगते.’

हसले. कप दोन्ही हातांत धरला. ‘आवाज तिच्या आईचा आहे,’ म्हणाले.

‘मग तिला सांगा की हे. मी काय पोस्टमन आहे?’

‘सांगेन. विधेयक होऊन जाऊ द्या.’

मी धाकटीला म्हटलं, जा आणि भेट त्यांना, सकाळचे चांगले असतात. ती म्हणाली, ‘ते बोलावू देत. मी दारापर्यंत गेले होते एकदा.’ दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटायचं मला. बाप बोलवत नाही म्हणून ही जात नाही, ही येत नाही म्हणून तो बोलवत नाही, आणि दिवस चाललेत वाया.

विधेयकाची चर्चा दुपारी निघाली. सभागृह भरलेलं. भाषणाची एक प्रत मास्तरांच्या हातात, दुसरी धाकटीच्या पुढ्यात. आमचं ठरलं होतं की ते वाचतील, ही सांगेल. ते कुठं अडखळले तरी हिनं थांबायचं नाही. अध्यक्षांनी नाव पुकारलं. मास्तरांनी इअरफोन काढून बाकावर ठेवला, बोलायला उठताना सगळेच तसं करतात, आणि ते उभे राहिले.

पहिलं पान त्यांनी पाहिलं. मग उलटलं. मग सगळेच कागद उलटेपालटे करून पाहिले, एखाद्याच्या हातात चुकून दुसऱ्याची पिशवी यावी तसं. धाकटीचं बोट माइकच्या बटणावर. सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. आणि मास्तरांनी मान वर केली. खासदार झाल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांवर हात धरून त्यांनी सरळ आमच्या काचेकडे पाहिलं.

‘बाळ,’ म्हणाले. ‘खाली ये. आपण घरी जाऊ.’

धाकटीनं खोकल्याचं बटण दाबून धरलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

‘मला दे,’ मी म्हटलं. ‘भाषण मी सांगते. तू जा खाली, पळ.’

खाली खासदार कानांतले इअरफोन चाचपायला लागले होते. आवाज येत नाही म्हणून दोघंचौघं मास्तरांकडे वळून बघत होते. धाकटीनं ते पाहिलं आणि मान हलवली. ‘आवाज बदलला की सगळे बघतील त्यांच्याकडे,’ एवढंच म्हणाली, आणि बटण सोडलं.

‘अध्यक्ष महोदय, आमचे सात जण या सभागृहात आले तेव्हा त्यांना कुणी ऐकलं नाही, म्हणून ते गप्प बसले. मी एकटा आहे, मी बोलणार आहे.’

काय सांगू तुम्हांला. मी त्या खोलीत बसून मोठमोठ्या बोलघेवड्यांची भाषणं सांगितली आहेत, पण असं कुणी बोललं नाही. खासदारांच्या माना खाली गेल्या, ऐकणाऱ्याच्या जातात तशा. मास्तरांकडे कुणी बघेना. आणि मास्तर वर बघत उभे होते. ‘येतेस ना?’ ते म्हणाले. ही त्या वेळी भाषणात खाणींवर आली होती. ‘आपण जाऊ गं. झालं ना आता तुझं?’ म्हणाले. ही दवाखान्यावर आली. आई वाटेत गेल्याचं वाक्य भाषणात होतं, तेही तिनं घेतलं. बोलता बोलता तिनं डावा हात काचेला लावला, पंजा पसरून. पण खालून त्या काचेत फक्त दिवे दिसतात, आतलं काही दिसत नाही. मला ते माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

मी माझा माइक चालू केला, त्यांच्या कानात जायचा तो. ‘मास्तर, ती येतेय. ऐकतेय ती. थोडं थांबा,’ मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांचा इअरफोन बाकावर पडलेला. खाली धावत गेले असते तरी दारावरच्या शिपायानं मला सभागृहात पाऊल टाकू दिलं नसतं. मी रडत होते आणि रिकाम्या इअरफोनशी बोलत होते. त्यांच्या ओठांवरून कळत होतं, ते अजून एकदा ‘बाळ’ म्हणाले. मग हात डोळ्यांवरून खाली आला. तिचं भाषण संपायच्या आत ते बसले.

शेवटची दोन वाक्यं ती बसलेल्या माणसाच्या वतीनं बोलली. सभागृहानं बाकं वाजवली. अध्यक्ष म्हणाले, असं भाषण या सभागृहानं फार दिवसांत ऐकलं नव्हतं. मग मतं घेतली. हात वर झाले आणि आमच्या राज्याची जागा गेली. कौतुक केलं त्यांनीही हात वर केले.

धाकटीनं हेडफोन काढला, टेबलावरही ठेवला नाही, तसाच वायरीला लोंबकळत सोडला आणि जिना उतरून धावली. मी मागोमाग. मास्तर बाहेरच्या लांब बाकावर बसले होते, काठी दोन पायांत. कुणीतरी त्यांना पाणी आणून दिलेलं. ती समोर जाऊन उभी राहिली, छाती धपापत होती तिची.

‘बाबा.’

त्यांनी वर पाहिलं. अगदी आदबीनं सरकून जागा करून दिली. ‘बसा बाई,’ म्हणाले.

‘बाबा, मी आले. चला, आपण जाऊ.’

‘मी मुलीसाठी थांबलोय,’ ते म्हणाले. ‘वर असते ती. हाक मारली मी तिला. ऐकू गेलं नसेल, काच फार जाड आहे.’ मग तिची समजूत घातल्यासारखं म्हणाले, ‘कामात असेल हो. ती कामाची फार पक्की आहे.’

धाकटी त्यांच्या शेजारी बसली. ‘ऐकलं तिनं,’ म्हणाली. ‘सगळं ऐकलं.’ त्यांनी मान डोलावली, परक्या माणसाच्या बोलण्याला डोलवावी तशी. मी खांबाआड उभी राहिले. मला पुढे जाववलं नाही.

मला राग कुणाचा आला ते सांगते. त्या भाषणाचा. सरकारी कागदांत ते मास्तरांच्या नावावर छापलं गेलं, गावच्या शाळेत पोरं ते पाठ करून म्हणतात, आणि म्हणणारे म्हणतात की बघा, शेवटपर्यंत डोकं कसं ताळ्यावर होतं, मुलगीच खोटं सांगते आजाराचं. दोन्हीकडून तीच वाईट. त्या दुपारी मास्तर खरं काय बोलले ते कुठंच छापलेलं नाही. ते तिनं ऐकलं आणि मी ऐकलं.

अधिवेशन संपल्यावर काचघर बंद झालं. वायरमननं माइक काढून नेले. साहेबांनी आम्हां दोघींना बोलावून चार बरे शब्द सांगितले. धाकटीला ते दुसऱ्या खात्यात घ्यायला तयार होते, तिनं नको म्हटलं. तिनं मास्तरांची पेटी भरली, आपलीही भरली. एकटीला सांभाळणं जमणार नाही म्हणून मी सोबत निघाले. खासदार निवासातून निघताना मास्तरांनी तिचे आभार मानले, ‘बाई, तुम्ही फार केलंत’ म्हणाले.

गाडीत आम्हांला समोरासमोरची बाकं मिळाली. मास्तर खिडकीशी बसले. बसल्याबरोबर त्यांनी पिशवी शेजारी ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. धाकटी पिशवी उचलून बसायला गेली तर त्यांनी घट्ट धरली.

‘इथं नाही बसायचं बाई. आमची मुलगी येतेय.’

‘हो का,’ ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

गाडी सुटली. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघण्याची हिंमत नव्हती. पुढच्या स्टेशनावर माणसं चढली, उभी राहायला जागा उरली नाही. एक माणूस वाकून पिशवीकडे बोट दाखवत राजधानीच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मास्तर गोंधळले. आपल्या भाषेत त्याला समजावू लागले, मुलीचं, वेळेचं, सगळं एकात एक मिसळून. तो माणूस चिडला. तेव्हा धाकटी उठली, दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि त्याला त्याच्या भाषेत शांतपणे सांगितलं की ही जागा धरलेली आहे, यांची मुलगी येतेय. तो पुढे गेला. मास्तरांनी पिशवी नीट केली आणि तिच्याकडे बघून हात जोडले.

पुढे प्रत्येक स्टेशनावर कुणी ना कुणी विचारायचं. प्रत्येकाला ती उठून तेच सांगायची. आमचं गाव येईपर्यंत तिनं त्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही.